बारावीच्या भौतिकशास्त्राची गटाने उजळणी कशी करावी

बारावी विज्ञान शाखेत असताना आम्ही पाच जणांनी भौतिकशास्त्राची उजळणी एकत्र केली. पाचही जण मराठी शाळेतून आलेले होते आणि दादर-माटुंग्याच्या पट्ट्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकाच तुकडीत होतो. सुरुवातीचे दोन महिने आम्ही जवळजवळ वाया घालवले, कारण गटाने अभ्यास कसा करायचा हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आपल्याला ते येतेच असे आम्ही धरून चाललो होतो. तुमच्यापैकी जे यंदा पहिल्यांदाच असा गट करणार आहेत त्यांचे ते दोन महिने वाचावेत, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. यातली उदाहरणे महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातली आहेत. परंतु पद्धत इतर मंडळांच्या मुलांनाही उपयोगी पडेल.

१. गट किती जणांचा आणि कोणाचा

चार किंवा पाच जण पुरेत. दोघांमध्ये एक आजारी पडला की अभ्यास थांबतो, आणि सहा-सात जण झाले की दोघे-तिघे नुसते ऐकणारे बनतात. गटात सगळे हुशारच असले पाहिजेत असे नाही. आमच्यातल्या एकीला अकरावीत जेमतेम पास होण्याइतके गुण होते, पण तिला एखादी पायरी समजली नाही तर ती पुढे जाऊ देत नसे. आम्हा चौघांना समजल्यासारख्या वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी तिच्या प्रश्नांमुळेच प्रत्यक्षात समजल्या. असे न लाजता विचारणारे एक माणूस गटात अवश्य घ्या.

मैत्री आहे म्हणून कोणाला घेऊ नका आणि मैत्री नाही म्हणून कोणाला टाळू नका. वेळेवर येणे आणि घरी वाचून येणे या दोनच अटी पहिल्या दिवशी स्पष्ट बोलून घ्या. सलग तीन वेळा न वाचता आलेल्या मित्राशी त्याला एकटा गाठून बोलावे, सगळ्यांसमोर बोलू नये. पुष्कळदा घरी काहीतरी अडचण असते आणि ती चारचौघांत सांगता येत नाही.

२. जागा आणि वेळ

मुंबईत हाच सर्वांत कठीण प्रश्न आहे. मी परळच्या चाळीत वाढले. घरात सहा माणसे, एक खोली, आणि संध्याकाळी सात वाजता दूरदर्शन संच सुरू झाला की अभ्यासाची वही मिटायची. ही अडचण एकट्यादुकट्याची नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये वाढलेल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या सुदाम काळू अहिरे मार्गावर रस्त्यावरच्या दिव्यांखाली बसून शिकल्या, म्हणून त्या रस्त्याला आजही अभ्यास गल्ली म्हणतात.

अभ्यासिका एकट्याने वाचायला उत्तम असते, पण तिथे शांतता पाळावी लागते आणि गटाने केलेल्या उजळणीत बोलणे हाच गाभा असतो. त्यामुळे जागेचे दोन भाग करा. घरी जागा नसेल तर वाचनासाठी अभ्यासिकेचे सभासदत्व घ्या. त्यासाठी बहुधा महाविद्यालयाचे ओळखपत्र, आधार कार्डाची झेरॉक्स प्रत आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो लागतात, तेव्हा हे एका पाकिटात तयार ठेवा. बोलण्यासाठी मात्र वेगळी जागा शोधा. महाविद्यालय सुटल्यावर रिकामा राहणारा वर्ग, गणेशोत्सव मंडळाचे कार्यालय, सोसायटीची गच्ची किंवा कोणाच्या आईवडिलांची हरकत नसेल ते घर यांपैकी काहीही चालते. वर्गासाठी शिक्षकांना भेटून लेखी अर्ज द्यावा. मंडळाच्या कार्यकर्त्यांना फेब्रुवारीपर्यंतचे वार आणि तास लिहून द्यावेत. आमच्या इथल्या काकांनी तो कागद भिंतीवर चिकटवला होता आणि त्या वेळेत कॅरमसुद्धा बंद ठेवला होता.

आठवड्यातून तीन बैठका, प्रत्येकी दोन तासांच्या, एवढेच ठेवा. कोणी डोंबिवलीहून, कोणी भांडुपहून येत असेल तर रविवारची दुपार टाळा, कारण मेगाब्लॉकमध्ये अर्धा गट वाटेतच अडकतो. रविवारी भेटायचेच असेल तर सकाळी आठला भेटून ब्लॉक सुरू होण्याआधी घरी पोहोचता येईल असे पाहा.

३. जवळ काय काय असावे

बालभारतीचे पाठ्यपुस्तक प्रत्येकाकडे स्वतःचे हवे. ते परवडत नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून त्याची पीडीएफ मोफत उतरवून घेता येते. त्याशिवाय मंडळाच्या मागील प्रश्नपत्रिका, प्रत्येकाचे स्वतःचे लॉग टेबल, एक छोटा फळा किंवा जुन्या दिनदर्शिकेची कोरी मागची पाने, गजराचे घड्याळ आणि गटाची मिळून एक दोनशे पानी वही एवढे साहित्य पुरते. या वहीत फक्त चुका लिहायच्या; तिचे काम पुढे येईल. क्लासच्या छापील नोटा बैठकीत आणूच नका, कारण त्या समोर असल्या की प्रत्येक जण त्यांतली वाक्ये वाचून दाखवू लागतो.

कॅल्क्युलेटर पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. मंडळाच्या परीक्षेत तो चालत नाही, लॉग टेबल चालते.

४. प्रकरणे वाटून घेऊ नका

आमचे दोन महिने ज्यात गेले ती चूक हीच. पाठ्यपुस्तकात सोळा प्रकरणे आहेत, रोटेशनल डायनॅमिक्सपासून सेमीकंडक्टर डिव्हायसेसपर्यंत. आम्ही ती वाटून घेतली: प्रत्येकाने आपल्या तीन-चार प्रकरणांच्या नोटा काढायच्या, झेरॉक्स करून सर्वांना द्यायच्या आणि बैठकीत आपले प्रकरण बाकीच्यांना शिकवायचे. हे न्याय्यही वाटत होते आणि वेळ वाचवणारेही. पूर्वपरीक्षेचे पेपर हातात आले तेव्हा दिसले की प्रत्येकाला फक्त आपापली प्रकरणे आली होती. दुसऱ्याने काढलेल्या नोटा वाचताना सगळे कळते असे वाटते, परंतु कोऱ्या कागदासमोर हात थांबतो.

गुण सोळाही प्रकरणांत बऱ्यापैकी विखुरलेले असतात, त्यामुळे एका-दोन प्रकरणांवर पूर्ण हुकमत असून भागत नाही. म्हणून पुढील बैठकीचे प्रकरण सर्वांनी घरी वाचायचे, आणि फळ्यासमोर कोण उभे राहणार हे बैठकीतच चिठ्ठी टाकून ठरवायचे. आपले नाव निघू शकते एवढ्या जाणिवेनेच वाचनाचा दर्जा बदलतो.

५. फळ्यासमोरची व्यक्ती आणि बाकीचे चौघे

नियम असा ठेवा की फळ्यासमोरच्या व्यक्तीने पुस्तक बंद करून सिद्धता लिहायची आणि प्रत्येक ओळीला ती का लिहिली हे मोठ्याने सांगायचे. बाकीच्यांनी उत्तर सुचवायचे नाही. त्यांना एकच प्रश्न विचारण्याची मुभा असते: का?

याचा उपयोग कसा होतो ते एका प्रसंगावरून सांगते. पहिल्या प्रकरणात वळणावर तिरक्या केलेल्या रस्त्याची, म्हणजे बँकिंग ऑफ रोडची, सिद्धता आहे. आमच्यातला सर्वांत जास्त गुण मिळवणारा मित्र फळ्यासमोर होता. त्याने उतार काढला, गाडी काढली, वजन खाली दाखवले, नॉर्मल रिअॅक्शन रस्त्याला लंब दाखवली आणि लिहिले: एन बरोबर एमजी कॉस थीटा (एन म्हणजे ती लंब प्रतिक्रिया, एमजी म्हणजे वजन, थीटा म्हणजे उताराचा कोन). अकरावीपासून उतरणीवरच्या ठोकळ्यासाठी आपण हेच लिहीत आलो आहोत, त्यामुळे कोणालाच ते खटकले नाही. फक्त ‘का?’ विचारणाऱ्या मैत्रिणीने विचारले, की पुस्तकात तर एन कॉस थीटा बरोबर एमजी दिले आहे, मग दोन्हींपैकी खरे कोणते?

आम्ही सगळे वीस मिनिटे गप्प होतो. मग एकाने सुचवले की थीटा ६० अंश घेऊन पाहू. ६० अंशांचा कॉस अर्धा. पहिल्या समीकरणाने एन वजनाच्या निम्मा येतो, दुसऱ्याने दुप्पट. म्हणजे फरक किरकोळ नव्हता. शेवटी उलगडा झाला तो त्वरणाच्या दिशेतून. उतरणीवरचा ठोकळा रस्त्याला लंब दिशेत हलत नाही, त्या दिशेत त्याला त्वरण नसते, म्हणून त्या दिशेतली बले एकमेकांना तोलतात आणि एन बरोबर एमजी कॉस थीटा मिळते. वळणावरच्या गाडीचे त्वरण मात्र वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे आडव्या दिशेत असते. तिच्यासाठी तोलली जातात ती उभ्या दिशेतली बले. म्हणून घर्षण नसताना एन कॉस थीटा बरोबर एमजी, आणि उरलेला एन साइन थीटा हा घटक केंद्रगामी बल पुरवतो. बले कोणत्या दिशेत विभागायची हे उताराकडे पाहून ठरत नाही, त्वरणाकडे पाहून ठरते. ही गोष्ट त्या दिवसानंतर आमच्यापैकी कोणीही विसरले नाही, आणि ती कोणत्याही नोटांत इतक्या स्पष्टपणे लिहिलेली आम्हाला आढळली नव्हती.

असे वाद जिथे हमखास होतात ती ठिकाणे मुद्दाम निवडा. कपॅसिटरच्या पट्ट्यांमध्ये डायइलेक्ट्रिक सरकवल्यावर साठलेली ऊर्जा वाढते की कमी होते, हा प्रश्न गटासाठी सोन्यासारखा आहे. दोघांना ‘बॅटरी जोडलेली आहे’ ही बाजू द्या आणि दोघांना ‘बॅटरी काढलेली आहे’ ही. डायइलेक्ट्रिकच्या स्थिरांकाला के म्हणू. बॅटरी जोडलेली असताना विभवांतर तेच राहते, प्रभार के पट होतो आणि ऊर्जाही के पट होते. बॅटरी काढलेली असताना प्रभार तोच राहतो, विभवांतर के पटीने घटते आणि ऊर्जाही तितकीच घटते. मग पाचव्याने विचारावे की दुसऱ्या वेळी घटलेली ऊर्जा गेली कुठे. विद्युतक्षेत्र डायइलेक्ट्रिकला आत ओढते आणि ते कार्य साठलेल्या ऊर्जेतून होते, इथपर्यंत गट स्वतःहून पोहोचला तर ते प्रकरण तुमचे झाले असे समजा.

अडलेला प्रश्न अर्ध्या तासात सुटला नाही तर तो वहीत लिहून पुढे जा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारा. ‘सर, हे समजले नाही’ असे मोघम न म्हणता, आम्ही इथपर्यंत आलो आणि या ओळीवर अडलो, असे सांगितले तर शिक्षक मधल्या सुट्टीतही थांबून समजावतात. आमचा तरी तोच अनुभव आहे.

६. समजून घ्या मराठीत, लिहा इंग्रजीत

मराठी शाळेतून आलेल्या मुलांसाठी हा भाग थोडा विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखा इंग्रजीतूनच शिकवली जाते आणि अकरावीत पुष्कळ मुले याच कारणाने मनाने मागे पडतात. बैठकीत मराठीतच बोला. जडत्व, संवेग, रोध, विभवांतर, अपवर्तन हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, त्यांच्यामागची कल्पना तुमच्या डोक्यात आधीच आहे. डिफ्रॅक्शन म्हणजे विवर्तन आणि इंटरफिअरन्स म्हणजे व्यतिकरण हे कळले की नवे प्रकरण निम्मे सोपे होते.

परंतु पेपर इंग्रजीत लिहायचा आहे हे विसरून चालणार नाही. आम्ही प्रत्येक बैठकीच्या अखेरीस पंधरा मिनिटे राखून ठेवली होती. त्या वेळेत दिवसभराच्या चर्चेतल्या दोन व्याख्या आणि एक कारण प्रत्येकाने इंग्रजीत, न बोलता, स्वतःच्या वहीत लिहायचे आणि शेजाऱ्याला वाचायला द्यायचे. सुरुवातीला वाक्ये मोडकी येतात. व्याकरणाची चूक लाल शाईने दाखवू नका. अर्थ बदलणारी चूक तेवढी दाखवा. लेन्झच्या नियमात प्रेरित विद्युतधारा चुंबकीय फ्लक्सला विरोध करते असे लिहिणे ही अर्थाची चूक आहे, कारण विरोध फ्लक्सला नसून फ्लक्समधल्या बदलाला असतो.

७. गणिते आणि लॉग टेबल

गणिते प्रत्येकाने आपापली सोडवावीत, आणि सर्वांची उत्तरे आल्यावरच तुलना करावी. सर्वांत जलद सोडवणाऱ्याने उत्तर आधी बोलून दाखवले की बाकीच्यांची लेखणी तिथेच थांबते, म्हणून उत्तर झाकून ठेवण्याचा नियम कडकपणे पाळा.

लॉग टेबलात सर्वाधिक गुण जातात ते बार असलेल्या संख्येचे वर्गमूळ काढताना. समजा, ०.००२९६ चे वर्गमूळ हवे आहे. त्याचा लॉग येतो बार ३.४७१३. आता याला दोनाने भागायचे. घाईत मुले ३.४७१३ चे सरळ निम्मे करून बार १.७३५६ लिहितात आणि उत्तर ०.५४४ आणतात. पण बार फक्त ३ वर आहे, दशांश चिन्हानंतरचा भाग धनच आहे. ३ ही विषम संख्या असल्याने तिला आधी बार ४ अधिक १ असे लिहावे, म्हणजे संख्या होते बार ४ अधिक १.४७१३, तिचे निम्मे बार २ अधिक ०.७३५६, आणि अँटिलॉग ०.०५४४. चुकीचे उत्तर बरोबर दहापट मोठे होते. आमच्या पाचपैकी तिघे हीच चूक करत होते आणि तिघांनाही आपले सूत्रच चुकते असे वाटत होते. रोज बैठकीच्या सुरुवातीला अशी दोन वर्गमुळे आणि एक भागाकार लॉगने करा. दहा मिनिटे लागतात.

झालेली चूक गटाच्या वहीत लिहा: तारीख, गणित, चूक काय होती, आणि ती का झाली. ‘घाई झाली’ हे कारण मान्य करू नका. एकक बदलले नाही, त्रिज्येऐवजी व्यास घेतला, सेल्सिअसचे केल्विन केले नाही, अशी नेमकी कारणे लिहा. महिन्याभरात प्रत्येकाला आपली चूक करण्याची सवय ओळखू येते. मी त्रिज्या आणि व्यास यांत चुकत असे, आणि वही चाळेपर्यंत मला ते ठाऊक नव्हते.

८. पेपर सोडवणे आणि एकमेकांचे तपासणे

पूर्वपरीक्षेनंतरच्या प्रत्येक आठवड्यात एक पूर्ण पेपर तीन तास लावून सोडवा. लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. आमच्या वेळच्या आराखड्यात ३१ प्रश्न चार विभागांत होते: पहिल्या विभागात १० बहुपर्यायी आणि ८ अतिलघुत्तरी उपप्रश्न, प्रत्येकी एक गुण, दुसऱ्यात दोन गुणांच्या १२ पैकी कोणतेही ८, तिसऱ्यात तीन गुणांच्या १२ पैकी कोणतेही ८, आणि चौथ्यात चार गुणांच्या ५ पैकी कोणतेही ३. तुमच्या वर्षीचा आराखडा शिक्षकांकडून एकदा पडताळून घ्या.

इथे दोन सापळे आहेत. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावे लागते, नुसते अक्षर लिहून गुण मिळत नाही, आणि पहिला प्रयत्नच तपासला जातो. खोडून पुन्हा लिहिलेले धरत नाहीत. दुसरा सापळा म्हणजे पर्याय असलेल्या विभागात कोणते प्रश्न सोडायचे हे ठरवण्यात जाणारा वेळ. त्यासाठी सराव करतानाच प्रश्नपत्रिका हाती येताच सोडायच्या प्रश्नांसमोर पेन्सिलीने बारीक खूण करण्याची सवय लावा. पेपरात दिलेले भौतिक स्थिरांकही तेव्हाच पाहून घ्या, म्हणजे पाठ केलेली किंमत आणि दिलेली किंमत यांत गोंधळ होत नाही.

पेपर झाल्यावर उत्तरपत्रिकांची अदलाबदल करा. गणिताला सूत्र, किंमती घालणे, उत्तर आणि एकक अशा पायऱ्यांनी गुण द्या. सिद्धतेत आकृती नसेल तर गुण कापा. मित्राला दुखवू नये म्हणून अर्धा गुण जास्त देणे ही त्याची मदत नव्हे. दुसऱ्याचा पेपर तपासताना आपल्याला स्वतःचे अक्षर, स्वतःच्या गाळलेल्या पायऱ्या दिसू लागतात, आणि माझ्या मते गटाने केलेल्या अभ्यासातला हा सर्वांत मोलाचा तास असतो.

९. प्रात्यक्षिक परीक्षा

प्रात्यक्षिक लेखी परीक्षेच्या आधी होते, त्यामुळे जर्नल जानेवारीपूर्वी पूर्ण करून शिक्षकांची सही घेऊन ठेवा. तोंडी परीक्षेसाठी जोडीने सराव करा: एकाने परीक्षक व्हायचे आणि जर्नलमधील प्रत्येक प्रयोगावर तीन प्रश्न विचारायचे. मीटर ब्रिजमध्ये शून्य विक्षेप मधल्या भागात का आणावा, असे साधे प्रश्नच तिथे विचारले जातात.

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, सराव या बैठकांत मिसळू नका. तिथे ऋण गुण नाहीत, वेग महत्त्वाचा आणि अकरावीचाही भाग असतो. तिची तयारी मंडळाची परीक्षा संपल्यावर वेगळी करावी.

१०. शेवटचा आठवडा

अलीकडे लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. भौतिकशास्त्राच्या पेपराआधीच्या आठवड्यात नवे काहीही शिकवू नका आणि शिकू नका. फक्त चुकांची वही एकदा मोठ्याने वाचा. आदल्या दिवशी भेटू नका; एकाची धास्ती पाचही जणांना लागते. त्या दिवशी प्रत्येकाने आपले प्रवेशपत्र, ओळखपत्र, दोन पेन, पेन्सिल आणि पट्टी काढून ठेवावी, लॉग टेबल केंद्रावर मिळणार की स्वतःचे न्यायचे हे महाविद्यालयात आधीच विचारलेले असावे, आणि लोकल पकडणाऱ्यांनी नेहमीच्या गाडीच्या आधीची गाडी ठरवून ठेवावी.

पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर उत्तरे जुळवत थांबू नका. पाणी प्या, काहीतरी खा आणि घरी जा. पुढच्या पेपरासाठी ठरलेल्या वेळी भेटा, आणि त्या दिवशी कोणी आले नाही तर संदेश पाठवून थांबू नका; संध्याकाळी दोघांनी त्याच्या घरी जाऊन यावे.